नवं तोंड

दाराबाहेर उभी होते तेवढ्या वेळात आतून अकरा स्वल्प आले, चार पूर्ण, एक प्रश्न, आणि एक अवतरण, जे उघडलं पण बंद झालेलं मी ऐकलं नाही. मधे आई एकदा हसली. ते हसणं मी वेगळं मोजलं, कारण ते कुठल्या रकान्यात घालायचं हे मला लगेच ठरवता येईना.

दुपारी घरी येण्याची माझी वेळ नव्हती. आमच्या प्रयोगशाळेतल्या निःशब्द खोलीचा फोम बदलायला माणसं आली होती, आणि खोली बंद म्हणजे माझं काम बंद. आईच्या खोलीची खिडकी आमच्या मजल्यावरच्या सामाईक व्हरांड्यात उघडते. घराची किल्ली हातात धरून मी त्या खिडकीच्या बाजूला थांबले, कारण आतून एका बाईचा आवाज येत होता. गोल, न घाई करणारा, शब्दाच्या टोकापर्यंत जाऊन मगच वळणारा. "वारा ईशान्येकडून सुटला स्वल्प आणि कड्यावरचे पक्षी स्वल्प जे सकाळपासून गप्प होते स्वल्प एकदम उठले पूर्ण." परक्या कुणी ऐकलं असतं तर यंत्र बिघडलंय असं वाटलं असतं. मला तसं वाटण्याची सोय नव्हती. असं वाचणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते या क्षणी व्हरांड्यात उभं होतं.

मी चार पावलं मागे गेले आणि चपला वाजवत पुन्हा आले. किल्ली होती तरी बेल दाबली.

"कोण?"

"मीच."

"आज लवकर? नोकरी तू सोडलीस की त्यांनी तुला सोडलं?"

"फोम बदलतायत खोलीचा."

"बरं झालं. तुमच्या त्या मुक्या खोलीला पण नवे कपडे लागतातच म्हणायचे."

टेबलावरच्या टॅबलेटचा पडदा काळा झाला होता. आई खुर्चीत नीट बसली होती, जरा जास्तच नीट, आणि तिच्या गालांवर हसून गेल्याचा रंग होता. तिनं माझ्या उजव्या कानाकडे बघितलं. मला बघायचं असलं की ती हल्ली कानाकडेच बघते. तिच्या नजरेचा मधला भाग गेलाय आणि कडा उरल्यायत. समोर धरलेलं पान तिला दिसत नाही, पण पानाच्या बाजूला ठेवलेली वाटी दिसते. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे मजकूर गेला, समास राहिला. आयुष्यभर समासातच तर खुणा केल्या मी." डॉक्टर हसले नाहीत. त्यांना विनोद कळला नव्हता. मला कळला होता, आणि तो मलाच कळावा याचं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

"काय वाचलं आज?" मी विचारलं.

"तेच. पक्ष्यांचं."

मी आत जाऊन पाणी प्यायले.

आई मुद्रितशोधक होती. छापखान्यातून गठ्ठे यायचे, एकीकडे लेखकाचं हस्तलिखित, दुसरीकडे छापलेला कच्चा मजकूर, आणि दोन्ही एकाच वेळी दोन डोळ्यांनी वाचता येत नाहीत म्हणून या कामाला दोन माणसं लागतात. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर आणि लाल पेन्सिल ठेवायची. वाचणाऱ्यानं शब्दच नव्हे तर सगळंच वाचायचं. स्वल्प, अर्ध, पूर्ण, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद. जिथं घोळ होण्यासारखा असेल तिथं पहिली वेलांटी की दुसरी तेही. छापखान्यात आईसाठी वाचायला एक गृहस्थ होते, ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मग काम घरी यायला लागलं आणि त्यांच्या जागी मी आले. मी दुसरीत होते. मला अर्थ कळायचा नाही, म्हणून मी उत्तम वाचायचे. अर्थ कळणारा माणूस पुढचा शब्द आधीच गृहीत धरतो आणि चुकतो, असं आई म्हणायची. "तू तोंड, मी डोळे," ती म्हणायची. छापखान्यातून फोन आला की, "काम उद्या मिळेल, माझं तोंड अजून शाळेतून यायचंय." पलीकडचा माणूस गोंधळायचा आणि आम्ही दोघी टेबलाखाली एकमेकींचे पाय दाबायचो. दादा त्या वेळी अंगणात चेंडू आपटत असायचा. त्याला मधे यायला बंदी होती. तो दारातून डोकावला की आई लाल पेन्सिल वर करायची, आणि तो जायचा. त्या पेन्सिलीच्या आतल्या बाजूला मी होते आणि बाहेर सगळं जग होतं. शाळेत एकदा धडा वाचायला उभं केलं तेव्हा मी सवयीनं "एक होता राजा पूर्ण" असं वाचलं आणि वर्ग हसून लोळला. घरी येऊन रडत सांगितलं, तर आई म्हणाली, "त्यांना दिसत नाही ते तू वाचतेस. हसू दे." पुढे कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात माणसांच्या बोलण्यात विरामचिन्हं भरत राहिले. विज्ञानाकडे वळले ते कशामुळे असं कुणी विचारलं तर मी काहीतरी सभ्य उत्तर देते. खरं उत्तर असं आहे की दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक सांगणं हे एकच काम मला लहानपणापासून येत होतं.

वाचनसेवा दादानं सुचवली. तो लांब राहतो, आणि लांब राहणाऱ्यांना उपाय चटकन सुचतात. इंटरनेटवरून वाचणारी माणसं मिळतात, तो म्हणाला, हवं तेव्हा, हवं तेवढं. टॅबलेटवरचं एक मोठं बटण दाबायचं की जो वाचक मोकळा असेल तो येतो, किंवा आपल्या पसंतीचा राखून ठेवता येतो. "तू एकटी किती वाचणार? दमून येतेस." हे खरं होतं. मी संध्याकाळी आईला वाचून दाखवायचे, पण अर्थ कळण्याचा रोग मला आता पुरता जडला होता. वाक्य कुठं जाणार हे दिसलं की मी तिथं आधीच पोचलेली असायचे, आणि मधले शब्द मागून धावत यायचे. कधी एखादा परिच्छेद गाळायचे. आई कधी काही बोलली नाही. विरामचिन्हं वाचायचं तर आमच्यातलं कधीचंच थांबलं होतं, कारण शोधायला मुद्रित नव्हतं. खातं माझ्या नावावर उघडलं. तीन पर्याय होते. महिन्याचं ठरावीक आणि वाचन कितीही, किंवा सत्रांचा संच विकत घेऊन सवडीनं वापरायचा, किंवा मीटर लावल्यासारखं, वापराल तेवढं. मी पहिला निवडला. आई मोकळेपणी वापरेल असं त्या वेळी माझ्या मनात होतं, आणि मनात असलेलं ते चांगलं होतं याची मला खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी निःशब्द खोलीत नवा फोम लागला होता. आम्ही तिथं श्रवणयंत्रं तपासतो. भिंतींतून, छतातून, जाळीच्या जमिनीखालूनही फोमची टोकं बाहेर आलेली असतात, आणि आवाज त्यांच्यात शिरतो तो परत येत नाही. दार लावून उभं राहिलं की थोड्या वेळानं स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं, मग पापणी, मग गिळणं. नवीन माणसाला तिथं घाबरायला होतं. मला ती खोली नेहमी आवडत आली होती, कारण तिथं जे आहे तेवढंच असतं. त्या दिवशी मात्र दार लावल्यावर आत ती बाई होती. वारा ईशान्येकडून सुटला स्वल्प. गोल आवाज, शब्दाच्या टोकापर्यंत जाणारा. मी मायक्रोफोन स्टँडवर लावला, काढला, पुन्हा लावला. माझा सहकारी, ज्याला आम्ही सगळे मीटर म्हणतो कारण तो चहाची चवही आकड्यात सांगतो, काचेपलीकडून इंटरकॉमवर म्हणाला, "बाईसाहेब, आत समाधी लागली का?"

"पार्श्वभूमीचा गोंगाट बघतेय."

"इथं शून्य दाखवतंय."

"मग तुझं यंत्र बघ."

"माझं यंत्र बरोबर आहे. तुमच्याच आत काहीतरी वाजतंय."

तो हसत होता. त्याला म्हणावंसं वाटलं की हो, वाजतंय, आणि त्याची वारंवारता मला सांगता येत नाहीये. हेवा हा शब्द मी तोवर स्वतःसाठी वापरला नव्हता. हेवा माणसांना माणसांचा वाटतो, आणि ती बाई माझ्या हिशेबात माणूस नव्हती, एक सेवा होती. नळाचा हेवा करत नाहीत, विजेचा करत नाहीत. पण नळाला आईनं आमची भाषा शिकवली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत मी तळघरातल्या मोटारींच्या तळावर एका कोपऱ्यात उभी राहिले आणि माझ्या फोनवरून, मीटरच्या नावानं नवं खातं उघडून, तिला बोलावलं. आईच्या खात्यात पसंतीची वाचक म्हणून तिचं चित्र होतं, चष्मा आणि खांद्यावर शाल. त्याच चित्रावर बोट ठेवलं. ती लगेच आली. अंधाऱ्या तळावर तिचा आवाज मोटारींच्या पत्र्यांवरून परत येत होता.

"नमस्कार, काय वाचू?"

काय वाचायला द्यावं याचा मी विचारच केला नव्हता. फोनवर श्रवणयंत्राचं माहितीपत्रक होतं, तेच पाठवलं. तिनं जराही न हसता सुरुवात केली. "यंत्र कोरडं ठेवा. ओल्या हातांनी हाताळू नका." दोन ओळींनंतर ती थांबली. "विरामचिन्हं बोलून वाचू का? आमच्याकडे काही जणांना तसं आवडतं."

"कुणाला?"

"आधी एका काकूंना. त्यांनीच शिकवलं मला. पण ऐकायला इतकं निवांत वाटतं की आता मी सगळ्यांना विचारते. चारपाच जण तसंच मागतात." तिच्या आवाजात अभिमान होता, नवीन पदार्थ जमलेल्या माणसाच्या आवाजात असतो तसा. "काकू म्हणतात, तू माझं नवं तोंड. गमतीशीर आहेत फार."

"मग जुनं तोंड कुठं गेलं?" हे मी विचारलं. आवाज माझाच होता, तरी तो कुठल्या तरी मोटारीवर आपटून आल्यासारखा वाटला.

"होतं म्हणे एक. चांगलं होतं, पण पुढे पुढे पूर्ण गिळायला लागलं." ती हसली. "म्हणजे पूर्णविराम. काकू म्हणतात, पूर्णविराम गिळणारं माणूस कुठं तरी निघालेलं असतं. वाचू पुढे?"

"नको," मी म्हणाले, आणि बंद केलं. सत्र कसं वाटलं, पाचपैकी किती तारे, असं पडद्यावर आलं. मी बराच वेळ ते पाच रिकामे तारे बघत उभी राहिले. टेबलाखाली दाबलेले पाय, लाल पेन्सिल, दारातून परत गेलेला दादा. हे सगळं आता चारपाच अनोळखी माणसं आपापल्या घरी मागवत होती, हवं तेव्हा, हवं तेवढं. आणि जुनं तोंड. आईनं माझी तक्रार केली होती याचं मला फार वाटलं नाही. ती तक्रार इतकी अचूक होती, आणि ती मला सोडून भलत्याच बाईपाशी केली होती, याचं वाटलं. मीटरच्या नावानं मी तिला एकही तारा दिला नाही.

त्याच दिवशी मी आईची योजना बदलली. वापराल तेवढं. शिवाय सत्राला मर्यादा. ती संपत आली की टॅबलेट स्वतः बोलून सांगतो, आणि खातेदाराच्या फोनवर प्रश्न येतो, सत्र वाढवायचे आहे का. खातेदारानं उत्तर दिलं नाही तर सत्र आपोआप संपतं. मी आईला सांगितलं, कंपनीनं नियम बदलले. ती म्हणाली, "कंपन्याच त्या, बदलणारच." मला माहीत होतं काय होईल. आई टॅक्सीत बसली की खिडकीबाहेर बघत नाही, मीटरकडे बघते. फोनवर आत्याशी बोलताना उभी राहून बोलते, बसली तर बोलणं लांबेल म्हणून. मीटर चालू असताना आई मोकळी होऊ शकत नाही, हे जगात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, आणि मी ते ज्ञान वापरलं, इतकं सोपं होतं ते. पुढच्या दुपारी प्रयोगशाळेत माझा फोन थरथरला. सत्र वाढवायचे आहे का? मी तो पालथा ठेवला. तो टेबलावर थोडा सरकला आणि गप्प झाला. छातीत काहीतरी गोड पसरलं, आणि मागोमाग त्याची चव कळली.

आठवड्याभरानं जेवताना आई म्हणाली, "आम्ही स्वल्प काढून टाकले."

मी घास तसाच धरून ठेवला. माझ्यापाशी तिनं हा शब्द कित्येक वर्षांनी उच्चारला होता.

"कसले स्वल्प?"

"अगं, तिला मी शिकवलं होतं आपलं वाचायचं. छान जमलं होतं तिला. पण वेळ फार जातो त्यात, आणि तो डबा मधेच ओरडतो. मग म्हटलं, नुसतं वाच बाई. स्वल्प माझे मी घालते."

"तिला का शिकवलंस?"

तिनं माझ्या कानाकडे बघितलं. "का म्हणजे? डोळे गेल्यावर पान दिसायला नको का कुठं? तसं वाचलं की मला पान दिसतं. ओळ कुठं संपते, कुठं मोकळी जागा. तुला बोलले असते, पण तू दमून येतेस." तिनं ताटातली वाटी कडेकडेनं बोट फिरवून शोधली. "आता नाही दिसत. असू दे. गोष्ट तर कळते."

मला त्यांच्यातलं जे तोडायचं होतं ते तुटलं होतं. ते माझ्याकडे परत आलं नव्हतं, एवढंच. दोन भांड्यांतलं पाणी समान करायला गेलं की एकातलं कमी होतं ते दुसऱ्यात तरी दिसायला हवं. ते कुठंच दिसेना.

"उद्यापासून मी वाचते," मी म्हणाले. "आपलं वाचायचं तसं."

"तुला वेळ होईल?"

"होईल."

"मग तिला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. बघू."

मी बघणार होते, अगदी शब्दशः. भावना मोजता येत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी प्रयोगाची आखणी नीट केलेली नसते. तिला माझं वाचन अजून हवं आहे का, हा प्रश्न. आई ज्याचं वाचन खरोखर ऐकते त्याची चूक सोडत नाही, हे गृहीतक. ती दुरुस्त करते, टोकते, लाल पेन्सिल नसली तरी बोट वर करते. त्या दुपारनंतरही एकदोनदा खिडकीतून मी ऐकलं होतं, त्या बाईला ती दर पानाला टोकायची, आणि टोकल्यावर दोघी हसायच्या. मला टोकलेलं आठवत नव्हतं. तेव्हा मी एक प्रकरण निवडलं, बेटावर पक्षी मोजायला राहिलेल्या माणसाचं, धुक्याचं. या पुस्तकाचं मुद्रित आईनं तरुणपणी तपासलेलं होतं, हस्तलिखित छापखान्यातल्या त्या गृहस्थांनी वाचलेलं, म्हणजे माझ्या आधीचं. त्यात मी पाच चुका पेरल्या. पांढुरक्याच्या जागी पांढरा. वारा पडला, तिथं वारा सुटला. सोळा घरट्यांची सतरा. कड्याचा किनारा. आणि एका लांब वाक्यातला एक स्वल्प गाळायचा. पाचपैकी तीन जरी तिनं पकडल्या तर सेवा कायमची बंद करायची आणि रोज मी वाचायचं. एकही पकडली नाही तर काय करायचं, ते मी ठरवलं नाही. ज्याचा निकाल एकाच बाजूनं लिहून ठेवलाय त्याला आम्ही प्रयोग म्हणत नाही, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी आम्ही टेबलाशी बसलो. मी अगदी संथ वाचलं. एकही पूर्ण गिळला नाही. जीभ जुन्या वाटेवर आपोआप चालू लागली, स्वल्प, स्वल्प, अर्ध, आणि मधेच मला माझ्या लहानपणीच्या फ्रॉकच्या बाहीचा इलॅस्टिक दंडाला रुतायचा तो रुतला. आई डोळे मिटून बसली होती, बोटं मांडीवर एकमेकांत. पांढरा आला आणि गेला. तिची बोटं हलली नाहीत. वारा सुटला. सतरा घरटी. मी दर वेळी श्वास अर्धवट धरून पुढच्या शब्दावर जात होते. किनारा. गाळलेला स्वल्प. प्रकरण संपलं, धुक्यात होडी निघून गेली, पूर्ण. आईनं डोळे उघडले.

"छान वाचलंस," ती म्हणाली.

पाहुण्यांना म्हणतात तसं.

"कुठं काही चुकलं?"

"छे. किती दिवसांनी ऐकलं. जा, झोप आता, सकाळी लवकर असतं तुझं."

तिचे कान गेले असतील, असं मी अंथरुणात पडल्यावर आधी म्हणून पाहिलं. ते खोटं होतं. तिच्या कानांची तपासणी मीच केलीय, आमच्याच खोलीत, आलेख तिशीतल्या माणसाचा आहे. मग पुस्तक विसरली असेल. हे अशक्य नव्हतं. मग उरलं ते मी उच्चारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीटरला सांगितलं, डोकं दुखतंय. तो म्हणाला, "दहापैकी किती?" मी पिशवी उचलून निघाले. व्हरांड्यात पोचले तेव्हा चपला हातात होत्या. खिडकी उघडी होती. आईची खुर्ची टेबलाकडे तोंड करून असते, म्हणजे खिडकी तिच्या डाव्या कडेला येते, आणि हे मला तिथं उभं राहून बराच वेळ झाल्यावर लक्षात आलं. आत वाचन चाललं नव्हतं. गप्पा चालल्या होत्या.

"काल सुट्टी घेतली होती का काकू? बोलावलं नाहीत."

"काल माझी मुलगी वाचत होती."

"अरे वा. म्हणजे मला रजा देणार."

"तू गप ग. धुक्याचं वाचलं तिनं. पांढुरक्याचं पांढरं केलं."

माझा हात खिडकीच्या कठड्यावर होता. तो मी काढून घेतला.

"होतं घाईत," बाई म्हणाली.

"घाई कुठली, पालखी निघाल्यासारखी वाचत होती. वारा पडला, तर हिनं सुटवला. वारा सुटल्यावर धुकं राहील का, इतकं तरी. आणि सोळा घरट्यांची सतरा केली. एक घरटं कुठून आणलं कोण जाणे."

दोघी हसल्या. हेच ते हसणं. या वेळी ते कुठल्या रकान्यात जातं हे मला नक्की माहीत होतं.

"मग टोकलं नाहीत? मला तर सोडत नाही तुम्ही."

"तुला त्याचे पैसे मिळतात, बाई."

टॅबलेट बोलला. या सत्राचे एक मिनिट शिल्लक आहे. आई थांबली. तिचं थांबणं मी ओळखते, त्यात टॅक्सी असते, आत्याचा फोन असतो. "राहू दे मग," ती म्हणाली. "राहिलेल्या उद्या सांगते."

माझ्या मुठीत फोन थरथरला. सत्र वाढवायचे आहे का? हो, नको. अंगठा घामानं ओला होता, पडद्यानं पहिल्यांदा तो ओळखलाच नाही. ओढणीला पुसून हो दाबलं, आणि खाली मर्यादा काढा असं होतं, तेही. आत टॅबलेट म्हणाला, सत्र वाढवले आहे. मर्यादा काढली आहे.

"कुणी वाढवलं?" आईनं विचारलं.

"खातं ज्याचं असेल त्यानं. दुसऱ्या कुणाला येत नाही वाढवता."

आईची खुर्ची किंचित करकरली. तिनं मान टेबलाकडेच ठेवली होती, पुस्तक नसलेल्या जागेकडे.

"मग नीट सांगते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. मजकूर सांगायचा, तो आवाज. शब्दाशब्दात जागा ठेवून, पेन्सिल पोचेल इतक्या सावकाश. "कड्याचा किनारा वाचला. पुढे दिवा दिसला की नाही या लांब वाक्यात एक स्वल्प गाळला, दिवा या शब्दानंतरचा. आणि शेवटी, होडी निघून जाते तिथं. तिला कुणी हाक मारली नाही, असं आहे. हिनं वाचलं, मला कुणी हाक मारली नाही. पूर्ण."

पेरलेल्या चुका पाच. सापडलेल्या सहा.